डबा पिवळा पडला? आधी घासणी खाली ठेवा

नवा डबा पहिल्या दिवशी कसा लख्ख असतो. मग एका रात्री उरलेला टोमॅटो सॉस त्यात जातो, दुसऱ्या दिवशी डबा रिकामा होतो, धुतलाही जातो, आणि तरी आत एक नारिंगी पट्टा उरतो. सॉस जिथपर्यंत भरला होता, बरोब्बर तिथपर्यंत. लिक्विड लावा, गरम पाणी ओता, जीव तोडून घासा, पट्टा जागचा हलत नाही. डबा स्वच्छ असतो, पण दिसतो खरकटा.

अशा वेळी बहुतेक जण तारेची घासणी उचलतात. मीही उचलायचे. त्या घासणीने डबे जेवढे वाया घालवले तेवढे टोमॅटोने आणि हळदीने मिळून घालवले नाहीत, म्हणून सुरुवात तिथूनच करू या. घासणी खाली ठेवा. डाग कोणत्या जातीचा आहे ते ओळखलं की निम्मं काम होतं, आणि उरलेलं निम्मं बऱ्याचदा ऊन करतं.

आधी बोट फिरवून बघा

डबा पूर्ण कोरडा करा आणि डाग असलेल्या जागी बोट फिरवा.

बोटाला ओशट लागलं तर तेलाचा पातळ थर अजून वरच बसला आहे. रंग त्या थरात आहे, प्लास्टिकमध्ये नाही. हा सगळ्यात सोपा डाग. बऱ्याचदा डबा 'डागाळला' म्हणून बाजूला ठेवला जातो आणि खरं तर तो नीट धुतलेलाच नसतो.

बोटाला गुळगुळीत, कोरडं लागलं, तरी रंग दिसतोय, तर रंग प्लास्टिकच्या आत शिरला आहे. इथे घासून काहीही होणार नाही, कारण घासणी पोचते त्याच्या खाली तो बसला आहे.

बोटाला खरखरीत लागलं, बारीक खड्डे किंवा फोड जाणवले, तर ते प्लास्टिक तिथे भाजलं आहे. असा खरखरीत पट्टा बहुधा पदार्थाच्या वरच्या पातळीवर, जिथे तेलाचा तवंग असतो तिथे सापडतो. डबा मायक्रोवेव्हमध्ये गेल्याची ती खूण. हा डाग फिकट करता येतो, पण खड्डे जात नाहीत.

पहिल्या दोन प्रकारांत खात्री होत नसेल तर पांढऱ्या टिश्यूवर दोन थेंब खाण्याचं तेल घ्या आणि डागावर अर्धा मिनिट चोळा. टिश्यू पिवळा किंवा नारिंगी झाला तर वर अजून काढण्यासारखं आहे. कोराच राहिला तर उपाय धुण्याच्या पलीकडचा लागेल.

रंग आत जातो तो तेलाच्या पाठीवर बसून

एक प्रयोग करून बघण्यासारखा आहे. एका डब्यात बीटचे तुकडे ठेवा, दुसऱ्यात तेलात परतलेल्या टोमॅटोचा सॉस. बीट दिसायला जास्त भयंकर, हात, ओटा, सुरी सगळं लाल करतं. पण दुसऱ्या दिवशी बीटचा डबा नळाखाली धरला की लाल पाणी वाहून जातं आणि डबा जवळपास होता तसा. टोमॅटोच्या डब्याला मात्र पट्टा राहिलेला असतो.

कारण बीटचा रंग पाण्यात विरघळणारा आहे. टोमॅटोचा लाल रंग, म्हणजे लायकोपीन, पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळतो. गाजराचा बीटा-कॅरोटीन त्याच घराण्यातला. हळदीचं पिवळं कर्क्युमिन घराण्याने वेगळं, पण तेही पाण्यापासून लांबच राहतं आणि तेलात मिसळतं. आणि आपले बहुतेक डबे ज्या पॉलिप्रॉपिलीनचे असतात ते प्लास्टिक स्वतःच तेलाच्या जातीचं. पाणी त्याच्यावर थेंब होऊन घरंगळतं, तेल मात्र त्याला धरून बसतं. तेलात विरघळलेला रंग असा प्लास्टिकच्या अंगाला लागतो आणि हळूहळू आत सरकतो. गरम असेल तर भराभर सरकतो, कारण उष्णतेने प्लास्टिकमधल्या साखळ्या जास्त हलतात आणि वाट मोकळी होते.

म्हणजे डागाला तीन गोष्टी लागतात: तेल, उष्णता आणि वेळ. तिन्ही एकदम मिळाल्या की पट्टा पक्का. यातली एक जरी काढून घेतली तरी फरक पडतो. पुढचं सगळं याच तिघांभोवती फिरतं.

चहा-कॉफीचा तपकिरी थर निराळा. तो टॅनिनचा असतो आणि बहुतेक वरच बसतो. खाण्याच्या सोड्याने निघतो. त्याच्यावर यापुढे वेळ घालवत नाही.

डबा पालथा करून आकडा वाचा

तळाशी बाणांचा त्रिकोण असतो आणि त्यात 1 ते 7 पैकी एक आकडा. 5 म्हणजे पॉलिप्रॉपिलीन. अन्न ठेवायचे बरेचसे डबे हेच. 2 आणि 4 हे पॉलिएथिलीनचे दोन प्रकार. मऊ, वाकणारी झाकणं पुष्कळदा 4 ची असतात. म्हणूनच एकाच डब्याचं झाकण जास्त पिवळं पडलेलं आणि खालचा भाग बरा, असं दिसतं: मऊ प्लास्टिक रंग जास्त पितं. 1 म्हणजे पेट, बाटल्यांचं प्लास्टिक. ते रंग कमी शोषतं, पण गरम पाण्याने आक्रसतं. 6 म्हणजे पॉलिस्टायरीन, कडक आणि ठिसूळ. 7 म्हणजे 'इतर', आणि त्यात पॉलिकार्बोनेटपासून बरंच काही येतं.

हा आकडा इथे कशाला? कारण पुढे अल्कोहोलचा उपाय आहे, आणि तो 5, 2 आणि 4 वर बिनधास्त चालतो. 6 वर आणि काही 7 वर त्याने बारीक जाळीदार तडे जाऊ शकतात. आकडाच नसेल तर अल्कोहोल वापरू नका, इतकं साधं.

डाग पडण्याआधी

सगळ्यात मोठा फरक पडतो तो अन्न निववून भरण्याने. भांडं गॅसवरून उतरवलं की थेट डब्यात ओतायची सवय घातक. पण निवण्यासाठी ते तासन्‌तास ओट्यावर उघडं ठेवायचं असाही याचा अर्थ नाही. शिजलेलं अन्न 2 तासांच्या आत फ्रिजमध्ये जायला हवं, आणि हवा 32 अंशांच्या वर असेल तर एका तासात. म्हणून पसरट स्टीलच्या ताटात किंवा परातीत पातळ थर करून पसरा. घाई असेल तर ती परात थंड पाण्यावर ठेवा आणि मधूनमधून ढवळा. हात लावून कोमट लागलं की डब्यात भरा आणि लगेच फ्रिजमध्ये. थंडीत रंग आत सरकायचा वेग मंदावतो.

दुसरं, वरचा तवंग. सॉस निवला की वर तेल जमतं आणि रंगाचा मोठा वाटा त्याच तेलात असतो. खाण्यात तेल हवंच असेल तर गोष्ट वेगळी, नाहीतर चमच्याने वरच्यावर काढून घ्या. नारिंगी पट्टा सगळ्यात गडद कुठे असतो? काठावर, जिथे हा तवंग टेकलेला असतो.

तिसरं, मायक्रोवेव्ह. डब्यावर 'मायक्रोवेव्ह सेफ' लिहिलेलं असतं ते डबा वितळणार नाही एवढ्यापुरतं, डाग पडणार नाही असं वचन त्यात नसतं. आणि तेलकट पदार्थाच्या बाबतीत न वितळण्याचाही फार भरवसा धरू नका. पाणी 100 अंशांना उकळून वाफ होतं, त्याच्या वर जात नाही. तेलाला ती मर्यादा नाही. पॉलिप्रॉपिलीन साधारण 160 अंशांच्या पुढे वितळतं, पण त्याच्या बरंच आधी मऊ पडतं. तवंग किंवा साखर असलेल्या जागी तापमान तिथवर चढू शकतं आणि प्लास्टिकला फोड येतात. त्या फोडांत रंग जाऊन बसतो तो कायमचा. टोमॅटो, हळद, तिखटाचं तेल असलेलं काहीही गरम करायचं असेल तर काचेच्या किंवा चिनी मातीच्या भांड्यात काढून घ्या. एक भांडं जास्त घासावं लागतं हे मान्य, पण डबा घासण्यापेक्षा ते परवडतं.

डब्याला आतून तेलाचा हात फिरवावा म्हणजे डाग पडत नाही, हा सल्ला तुम्ही ऐकला असेल. काहींना तो लागू पडल्याचं सांगतात. मला तो पटत नाही. जो रंग तेलातूनच प्लास्टिकमध्ये शिरतो त्याच्यासाठी आधीच तेल लावून ठेवायचं म्हणजे पाहुण्याला दार उघडून देण्यासारखं आहे. त्यापेक्षा डब्यात बेकिंग पेपरचा तुकडा घालून वर घट्ट पदार्थ ठेवा, काम जास्त खात्रीचं होतं. पातळ पदार्थासाठी ही युक्ती नाही. त्याला काच किंवा स्टील.

आणि शेवटचं: रिकामा डबा सिंकमध्ये तसाच टाकून देऊ नका. रात्रभर सुकलेला सॉस म्हणजे वेळ अगदी फुकटात दिलेला. घासायला सवड नसेल तर निदान टिश्यूने आतून पुसा आणि गार पाण्याने विसळून ठेवा. एवढं तीस सेकंदांत होतं.

डिशवॉशर असेल तर एक इशारा. टोमॅटोचं तेलकट खरकटं तसंच ठेवून भांडी आत लावली तर ते तेल गरम पाण्याबरोबर सगळ्या भांड्यांवर फिरतं. मी एकदा सॉसचं पातेलं न विसळता लावलं आणि त्याच खेपेला पांढरा प्लास्टिकचा उलथना आत होता. काच आणि स्टील लख्ख निघाले. उलथना पिकलेल्या जर्दाळूच्या रंगाचा. त्याचा सॉसशी कधी संबंधही आला नव्हता.

काढायचं कसं: सौम्यापासून सुरुवात

खालच्या पायऱ्या क्रमाने करा. पहिल्या दोन नेहमीच करा, पुढच्या फक्त गरज पडली तर. जिथे डाग गेला तिथे थांबा.

1. कोरड्या डब्याला लिक्विड. आपण आधी पाणी ओततो आणि मग लिक्विड घालतो, तिथेच चुकतं. लिक्विड पाण्यात पातळ होतं आणि तेलापर्यंत त्याचा जोर पोचत नाही. म्हणून आधी टिश्यूने तेल पुसून घ्या. मग कोरड्याच डब्यात भांडी घासायच्या लिक्विडचे चार-पाच थेंब टाका, बोटांनी किंवा मऊ स्पंजने सगळीकडे चोळा, कोपऱ्यांत आणि झाकणाच्या खाचेत विशेष. दोन मिनिटं तसंच ठेवा. मग थोडं कोमट पाणी घालून फेस करा आणि विसळा. ओशट डाग बहुतेक इथेच संपतो.

डाग हट्टी वाटला तर लिक्विडच्या आधी थोडं खाण्याचं तेल चोळून पाच मिनिटं ठेवा. आताच तेलाला नावं ठेवली आणि आता तेलच लावायला सांगते आहे, हे खरं. पण इथे तेल भरून ठेवायचं नाही, वरवरचा रंग त्यात उतरवून लगेच पुसून टाकायचा आहे. वर थांबलेला रंग ताज्या तेलात उतरतो आणि लिक्विड ते तेल घेऊन जातं.

2. टिश्यू घालून हलवणं. ही युक्ती सध्या बरीच फिरते, आणि ती खरंच चालते, पण फक्त वरच्या थरासाठी. डब्यात कोमट पाणी पाव भाग, लिक्विडचे दोन-तीन थेंब आणि टिश्यूचे फाडलेले तुकडे घाला, झाकण लावा आणि मिनिटभर जोरात हलवा. लिक्विडने सुटलेलं तेल कागदाच्या तंतूंना चिकटतं आणि तुकडे नारिंगी होऊन बाहेर येतात. पाणी कढत घेऊ नका. बंद डब्यात वाफेचा दाब वाढतो, झाकण उडतं आणि सगळं अंगावर येतं. तुकडे केराच्या डब्यात टाका, सिंकमध्ये नको.

3. खाण्याच्या सोड्याचा लेप. तीन भाग सोडा, एक भाग पाणी, दातांवर फिरवण्याच्या पेस्टइतकं घट्ट. डागावर लावून अर्धा तास ठेवा आणि मऊ कापडाने गोल चोळून काढा. सोड्याचे कण बारीक आणि मऊ असतात, ओरखडे न पाडता उरलासुरला थर उचलतात, वासही कमी करतात. आत मुरलेला रंग मात्र सोड्याने जात नाही.

आता इथे एक गंमत होते तिने नवखे घाबरतात. हळदीच्या डागावर सोडा लावला की पिवळा डाग डोळ्यांसमोर तांबडा होतो. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा डबा गेला असंच समजले होते. काही बिघडत नाही. कर्क्युमिन आम्लात पिवळं आणि अल्कलीत तांबूस होतं. धुऊन टाकलं, वर लिंबाचा थेंब पिळला की पुन्हा पिवळं. साबणाच्या वडीनेही हेच होतं, हळदीचा डाग असलेल्या कापडावर हे बहुतेकांनी पाहिलेलं असतं.

सोडा आणि व्हिनेगर एकत्र ओतायची पद्धत मात्र सोडून द्या. फसफस जोरदार दिसते, पण सोडा अल्कली आणि व्हिनेगर आम्ल. दोघं एकमेकांना संपवतात. उरतं काय? कार्बन डायऑक्साइड हवेत जातो आणि हातात जवळजवळ नुसतं खारट पाणी राहतं. वेगवेगळे वापरा तर दोघांचाही उपयोग आहे.

टूथपेस्टही मी सुचवणार नाही. तिच्यातले कण दातांसाठी ठीक आहेत, पण आरपार दिसणाऱ्या प्लास्टिकवर धुरकटपणा येतो. डाग जातो आणि चकाकीही जाते.

4. ऊन. इथपर्यंत येऊनही रंग उरला असेल तर तो आत आहे, आणि आतल्या रंगावर माझा सगळ्यात जास्त भरवसा उन्हावर आहे. लायकोपीन, बीटा-कॅरोटीन, कर्क्युमिन, या सगळ्यांना रंग मिळतो तो त्यांच्या रेणूतल्या एकाआड एक दुहेरी बंधांच्या साखळीमुळे. प्रकाशाच्या माऱ्याने ती साखळी तुटते आणि रंग नाहीसा होतो. प्रकाश प्लास्टिकच्या आत शिरतो, घासणी शिरत नाही.

धुतलेला डबा उघडा करून, डागाची बाजू सरळ उन्हाकडे राहील असा ठेवा. झाकण वेगळं, आतली बाजू वर. हळदीचा डाग काही तासांतच फिकट दिसायला लागतो आणि एक-दोन चांगल्या उन्हांत पुष्कळदा पूर्ण जातो. टोमॅटोचा हळू जातो. तीन-चार दिवस धरून चाला. ऊन फिरेल तसा डबा फिरवत राहा.

का फिरवायचा, ते मला एका झाकणाने शिकवलं. हळदीने पिवळंधमक झालेलं पांढरं झाकण गच्चीत ठेवलं होतं, आणि त्याच्यावर वाऱ्याने उडू नये म्हणून एक दगड. संध्याकाळी दगड उचलला. झाकण पांढरं झालं होतं आणि मधोमध दगडाच्या आकाराचा पिवळा ठिपका, कडा अशा रेखीव की पेन्सिलने काढल्यासारख्या. दुसऱ्या दिवशी दगड काठावर ठेवला.

खिडकीच्या काचेमागेही हे काम होतं, फक्त सावकाश, कारण काच अतिनील किरणांचा एक भाग अडवते. ढगाळ दिवसांतही थोडंथोडं होतच असतं. लिंबाचा रस चोळून उन्हात ठेवा असं सांगतात. ठेवायला हरकत नाही, पण काम ऊन करतं, श्रेय लिंबाला जातं. आणि डाग गेला की डबा आत घ्या. महिनोन्‌महिने उन्हात विसरलेलं पॉलिप्रॉपिलीन ठिसूळ होतं आणि एक दिवस हातात तुकडे येतात.

5. अल्कोहोल. ऊन नाही आणि घाई आहे, तर 70 टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल किंवा बिनवासाचं हँड सॅनिटायझर. कर्क्युमिन अल्कोहोलमध्ये विरघळतं, त्यामुळे हळदीवर चांगला परिणाम दिसतो. कापसाचा बोळा भिजवून डागावर दहा मिनिटं दाबून ठेवा, पुसा, गरज वाटली तर नव्या बोळ्याने पुन्हा. तळाचा आकडा आधी बघितलाय ना? गॅस बंद, खिडकी उघडी, आणि नंतर लिक्विडने स्वच्छ धुणं.

6. ऑक्सिजन ब्लीच. कपड्यांच्या डागांसाठी मिळणारी सोडियम परकार्बोनेटची पावडर पाण्यात गेली की तिच्यातून हायड्रोजन पेरॉक्साइड सुटतं, आणि ते रंगाची साखळी तोडतं. म्हणजे उन्हाचंच काम, वेगळ्या मार्गाने. बिनवासाची पावडर घ्या. लिटरभर पाण्यात एक मोठा चमचा, पाणी हाताला सोसेल इतपत गरम, डबा पूर्ण बुडवून रात्रभर. झाकण लावून बंद करू नका, आत वायू तयार होत राहतो. औषधाच्या दुकानातलं 3 टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइडही चालतं. ते डब्यात ओतून काही तास ठेवा. दातांची कवळी साफ करायच्या गोळ्याही याच तत्त्वावर चालतात. अरुंद तोंडाच्या, हात न जाणाऱ्या बाटलीसाठी त्या फार सोयीच्या.

7. क्लोरिन ब्लीच, अगदी शेवटी. मी याच्यापर्यंत क्वचित येते. लिटरभर गार पाण्यात एक मोठा चमचा साधं ब्लीच, अर्धा तास, हातमोजे आणि उघडी खिडकी. नंतर लिक्विडने धुऊन भरपूर पाण्याने विसळा आणि वास पूर्ण जाईपर्यंत उघडा वाळवा. स्टीलची क्लिप असलेलं झाकण यात बुडवू नका, गंज धरतो. इथे एक नियम मोडायचाच नाही: ब्लीच कशातही मिसळायचं नाही. व्हिनेगर किंवा लिंबाशी मिसळलं की क्लोरिन वायू सुटतो, अमोनिया असलेल्या क्लीनरशी मिसळलं की क्लोरामाइन, आणि दोन्ही फुप्फुसांना घातक. अल्कोहोल आणि पेरॉक्साइडही लांब. आधीच्या पायऱ्यांमधलं काहीही डब्यावर उरलेलं नको, म्हणून ब्लीचच्या आधी डबा पाण्याने नीट विसळून घ्या.

झाकणाचं रबर, आणि वास

डबा लख्ख, तरी उघडला की जुन्या कांद्या-लसणाचा भपकारा? नव्वद टक्के वेळा दोष झाकणाच्या खाचेतल्या रबराचा. ते निघतं हेच पुष्कळांना माहीत नसतं. चमच्याच्या मागच्या टोकाने (सुरीने नको, रबर फाटतं) हलकेच उचला. खाली जे दिसेल त्याने थोडं हादरायची तयारी ठेवा. जुन्या मऊ टूथब्रशने खाच आणि रबर दोन्ही लिक्विडने घासा, वेगवेगळे वाळवा आणि पूर्ण कोरडे झाल्यावरच परत बसवा. ओलं रबर खाचेत गेलं की आठवडाभरात काळे ठिपके.

वासासाठी दोन चमचे कोरडा सोडा डब्यात टाकून रात्रभर ठेवा. कांदा-लसणाच्या वासाला व्हिनेगर आणि पाणी समप्रमाणात घेऊन तासभर भिजवणंही लागू पडतं. आणि डबे ठेवताना झाकण वेगळं ठेवा. घट्ट बंद करून ठेवलेल्या स्वच्छ डब्यालाही कोंदट वास येतो.

केव्हा नाद सोडायचा

नुसता रंग उरला असेल तर डबा वापरायला काही हरकत नाही. तो अन्नाचाच रंग आहे, विष नाही, आणि डाग म्हणजे अस्वच्छता नव्हे. माझ्याकडे एक डबा मुद्दाम पिवळाच राहू दिलेला आहे. हळदीचं जे काही उरेल ते त्यातच जातं, आणि बाकीचे डबे वाचतात. खरं सांगायचं तर वर लिहिलेल्या सगळ्या उपायांपेक्षा ही वाटणी जास्त सोपी पडते.

रंगापेक्षा पृष्ठभागाकडे लक्ष द्या. तारेच्या घासणीचे ओरखडे, मायक्रोवेव्हचे फोड, कोपऱ्यातली चीर, यांच्यात अन्नाचे कण अडकतात आणि स्पंज तिथे पोचत नाही. धुऊन वाळवूनही चिकट लागणारा डबाही याच रांगेतला. त्याला अन्नातून सुट्टी द्या. स्क्रू, बटणं, रबर बँड, सुटे खडू, असलं काहीही ठेवायला तो अजून बरीच वर्षं चालतो. आणि टाकूनच द्यायचा असेल तर तेल काढून, कोरडा करून, तळाचा आकडा बघून वेगळ्या प्लास्टिकमध्ये टाका. झाकणाचा आकडा वेगळा असेल तर ते निराळं, आणि रबर काढून घेऊन.